तार सुटली म्हणून पत्ता पुसावा का?

पावसाळ्यात वीज कशी ये-जा करते, हे चिखलदऱ्याच्या शिक्षकांना सांगायला नको. शाळेतील संगणकाला यूपीएसचा आधार असला, तरी भिंतीवरच्या लहानशा स्विचला तो बहुधा नसतो. वीज क्षणभर जाते, स्विच बंद पडून पुन्हा सुरू होतो. संगणक मात्र चालूच असतो आणि जाहीर करतो, ‘केबल निघाली आहे.’ केबल कोणीच काढलेली नसते! तेवढ्यात अर्धी चढवलेली फाइल तुटते आणि विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दोष विजेचा खराच. पण संगणकाच्या आज्ञावलीचाही आहे, असे आम्हांला वाटते.

तार सुटल्याचे संगणकाला कळते कसे? टीव्हीच्या केबलसारख्या कोॲक्शियल तारेवरील जुन्या जाळ्यांत ते कळण्याची सोयच नव्हती. १९९० साली प्रमाणित झालेल्या टेन-बेस-टी पद्धतीत दोन्ही टोकांची उपकरणे, काही पाठवायचे नसतानाही, सुमारे १६ मिलिसेकंदांनी एक बारीक स्पंद पाठवतात. स्पंद येईनासे झाले की दिवा विझतो. म्हणजे दिवा फक्त शेजाऱ्याची खबर देतो. घाटात फायबर तुटली, तरी स्विचकडचा दिवा तेवतच राहतो.

येथवर सारे ठीक आहे. प्रश्न आहे तो दिवा विझल्यावर काय करावे, हा. विंडोज प्रणाली त्या जोडणीला मिळालेला आयपी पत्ताच काढून टाकते. त्या पत्त्यावर चाललेली संभाषणेही बहुधा तुटतात. लिनक्सचा गाभा पत्ता ठेवतो, फक्त ‘संकेत नाही’ अशी नोंद करतो. मात्र जाळे सांभाळणारा वरचा कार्यक्रम पुष्कळदा काही सेकंदांनी तोच पत्ता काढतो.

आता ऑक्टोबर १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला आरएफसी ११२२ हा इंटरनेटचा नियमग्रंथ पाहा. वाटेतल्या यंत्राने ‘पुढे जाता येत नाही’ असे कळवले, तरी टीसीपीने तेवढ्यावरून संभाषण तोडू नये, असे तो बजावतो. उत्तर न आल्यास निदान १०० सेकंद प्रयत्न चालू ठेवावा, अशीही त्याची शिफारस आहे. म्हणजे घाटातली तार तुटली तर धीर धरायचा, आणि खोलीतली दोन सेकंद सुटली तर सारे मोडून टाकायचे! परतवाड्याहून येणारा घाट दरड कोसळून बंद झाला तर टपाल थांबते. म्हणून चिखलदऱ्याचा पिनकोड कोणी रद्द करत नाही.

दुसरी बाजूही नीट पाहिली पाहिजे. एखाद्याने लॅपटॉपची तार काढून दुसऱ्या शाळेत जोडली, तर जुना पत्ता तेथे निरुपयोगी ठरेल. कदाचित दुसऱ्याच्या पत्त्याशी भिडेल. तार सुटली पण वाय-फाय चालू आहे, अशा वेळी संदेश मेलेल्या तारेकडेच जात राहिले, तर तेही चूक. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांवर पत्ता तडकाफडकी पुसणे हा उपाय नव्हे. तार सुटताच तिच्यावरून जाणारा मार्ग बाजूला ठेवावा, पत्ता मात्र काही काळ राखावा. तार पुन्हा जोडली की ‘हे तेच जाळे का?’ असे ओळखीच्या राउटरला विचारावे. तेच असेल तर संभाषण पुढे चालू, नसेल तर नवा पत्ता. अशी विचारणा कशी करावी, हे २००६ साली आरएफसी ४४३६ मध्ये लिहूनही ठेवले आहे.

हे वर्गात पडताळता येईल. वाय-फाय बंद करून एका संगणकावरून दुसऱ्यावर मोठी फाइल पाठवावी. तार पाच सेकंद काढून पुन्हा लावावी. दिवा, पत्ता आणि फाइल या तिघांचे काय झाले, ते विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर तुलना करावी. जोडणी, पत्ता आणि संभाषण या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या तक्त्यावरून मुलांना समजेल. आज्ञावली लिहिणाऱ्यांनीही तो तक्ता एकदा भरून पाहावा. वीज वारंवार जाते अशा गावात संगणकाने बातमी लगेच द्यावी, निर्णयाची मात्र घाई करू नये.