‘उषःकाल’ : कोणाच्या दारात?

हरि नारायण आपट्यांची ‘उषःकाल’ (१८९५-९७) ‘करमणूक’मधून क्रमशः आली. पुढे त्यांनी ‘सूर्योदय’, ‘सूर्यग्रहण’ लिहून शिवकालाची कादंबरीमाला उभी केली. ‘उषःकाल’मध्ये सुलतानगडचा किल्लेदार रंगराव आप्पा विजापूरच्या बादशहाशी इमान राखतो, मुलगा नानासाहेब शिवाजीराजांकडे ओढला जातो. एका घरात दोन निष्ठांची झुंज लावून आपट्यांनी इतिहासाला रक्तमांस दिले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण ही झुंज किल्लेदाराच्या घरातली आहे. बापलेकांना बाजू निवडता येते, कारण दोन्ही बाजूंना त्यांची गरज आहे. गडाच्या मेटांवर पहारा देणाऱ्या महार-रामोशांना राज्य बदलल्याने काय मिळणार, हा प्रश्न कथानकाचा कणा होत नाही. वेगळी दृष्टी तेव्हा नव्हती असेही नाही. १८६९ सालीच जोतीरावांनी पवाड्यात शिवाजीराजांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून गायिले होते.

आपट्यांना दुःख दिसत नव्हते काय? ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूला त्यांनी स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगू दिली. वाड्यातला हुंदका ऐकणारा तो कान गडाखालच्या वस्तीपर्यंत पोहोचला नाही.

राज्यबदल आम्हा मेडशीकरांना नवा नाही. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. महारवाडा मात्र गावकुसाबाहेरच राहिला. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी ही कादंबरी टाकू नये. ती नीट वाचावी आणि प्रत्येक प्रकरणापाशी विचारावे : उजाडले खरे, पण कोणाच्या दारात?