बोलू आणि न सापडणारा शब्द

विनोद कुमार शुक्ल म्हटले की वाचकाला ‘नौकर की कमीज’ किंवा ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ आठवते. २०२४ सालच्या ज्ञानपीठानंतर रायपूरच्या या लेखकाबद्दल पुन्हा बरेच बोलले गेले, तेही मुख्यतः याच पुस्तकांच्या आधारे. ‘हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़’ (२०११) ही त्यांची किशोर कादंबरी मात्र एका वेगळ्या कारणासाठी वाचायला हवी. तिच्यात बोलू नावाचा मुलगा आहे. तो चालत असेल तरच बोलतो. पाय थांबले की त्याचे बोलणेही थांबते.

हिंदी वाचकाला हे नाव ‘बोलना’वरून आलेले दिसेल. मराठी कानाला त्यात आणखी काही ऐकू येते. आपल्याकडे ‘बोलू?’ हा प्रश्न आहे. मूल मोठ्यांकडे मागते ती परवानगी आहे. लेखकाच्या मनात हे असण्याचे कारण नाही, पण नाव मराठीत आले की हा अर्थ त्याला चिकटतो आणि पुस्तकाला शोभतोही. बोलूला बोलण्यासाठी एक अट लागते. शुक्लांनी ती अट हा आजार मानलेला नाही. त्यांच्या नेहमीच्या गद्यात जसे अशक्य ते सहज घडते, तसेच हेही घडते. ज्याला बोलूचे ऐकायचे आहे, त्याने त्याच्याबरोबर चालावे, एवढाच त्याचा अर्थ.

ही दृष्टी मोलाची आहे. आपल्या शाळेत उत्तर द्यायचे ते जागेवर उभे राहून, हात बांधून आणि लगेच. जे मूल असे बोलू शकत नाही त्याला लाजाळू, हट्टी किंवा मठ्ठ यांपैकी एक शिक्का मिळतो. घरी अखंड बडबडणारी पण वर्गात तोंड न उघडणारी मुले असतात. वैद्यकशास्त्र त्याला निवडक मौन म्हणते आणि त्याची गणना चिंताविकारांत करते. अशा मुलाला ‘बोल, बोल’ म्हणून टोचल्याने ते अधिक मिटते. परिस्थिती बदलली तर हळूहळू उघडते. शुक्लांनी हे कुठल्याही परिभाषेशिवाय दाखवले आहे.

तरीही इथे थांबून एक आक्षेप नोंदवला पाहिजे. बोलू चालू लागला की त्याची भाषा पूर्ण असते. त्याची अडचण बोलण्याच्या अटीत आहे, भाषेत नाही. पण ज्या मुलाला चालतानाही शब्द सापडत नाही, त्याचे काय? पाच वर्षांचे झाले तरी ज्याचे वाक्य दोन-तीन शब्दांपुढे जात नाही, लांबलेली सूचना ज्याच्यापर्यंत अर्धीच पोचते, जे ‘ते... ते...’ करत हाताने वस्तू दाखवते, ते मूल या कादंबरीत नाही. मराठीतही ते कुठे आहे? प्रकाश नारायण संतांचा लंपन आठवा. कानडी वळणाच्या मराठीत तो जगाला नावे देत सुटतो. आपल्या साहित्याला आवडणारे मूल बहुधा असे शब्दश्रीमंत असते. जे गप्प असते, त्याचेही मौन आपण काव्यमय करून टाकतो.

अशी मुले विरळ नाहीत. इंग्लंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांपैकी सुमारे साडेसात टक्के मुलांमध्ये, दुसरे वैद्यकीय कारण न सापडता, भाषेचा विकार आढळला. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोघे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे, परंतु व्याख्येत शारीरिक वा मज्जासंस्थेचे कारण अपेक्षित आहे. ज्याचे कारण दाखवता येत नाही, ते मूल त्या व्याख्येत सहज बसत नाही. कथेत नाही आणि कायद्यातही धड नाही, अशी त्याची स्थिती आहे.

रायपूरसारख्या शहरात हा प्रश्न आणखी गुंततो. इथल्या मराठी घरातले मूल आजीशी मराठी बोलते, गल्लीत छत्तीसगढी ऐकते आणि शाळेत हिंदी शिकते. त्याला बोलायला उशीर झाला की पहिला संशय मराठीवर येतो: घरी एकच भाषा ठेवा. हा सल्ला चुकीचा आहे. दोन-तीन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही; विकार असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. म्हणून फक्त हिंदीत तपासले तर मराठीत नीट बोलणारे मूल उगाच मागे ठरते. उलट ‘भाषा अनेक आहेत, येईल हळूहळू’ म्हणून सोडून दिले तर खरोखर अडलेल्या मुलाची वर्षे जातात. मराठी बंद केल्याने विकार जात नाही, आजी मात्र जाते.

या प्रदेशाला भाषांच्या सहवासाचे भय वाटण्याचे कारण नाही. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ सुरू करणारे माधवराव सप्रे आणि राजनांदगावला शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध हे दोघेही मराठी घरांतले हिंदी लेखक. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. ही उदाहरणे अर्थात वाणी लाभलेल्यांची आहेत. न लाभलेल्यांबद्दल ती काही सांगत नाहीत, आणि साहित्याचे काम तिथेच उरते.

शुक्लांनी त्यातले अर्धे केले आहे. मुलाला दुरुस्त करण्याआधी त्याच्याबरोबर चालावे, हे त्यांनी सांगितले. पुढचे पुस्तक अशा मुलाचे हवे की ज्याच्याबरोबर कितीही चालले तरी शब्द उशिराच येतो, अर्धवट येतो, कधी चुकीचाही येतो. आणि लेखकाने तो पुरा करून देऊ नये.