दगडाशी गाठ

ऐन दिवाळीत थडग्यांची गोष्ट काढली म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते व्हिक्टर सेगालेन हे फ्रेंच कवी. जन्म १८७८, ब्रेस्ट बंदरातला. पेशाने आरमारातले डॉक्टर, आणि मनाने चीनमधल्या जुन्या शिल्पांच्या मागे लागलेले.

१९१२ साली पेकिंगमध्ये त्यांनी ‘स्तेल’ हा गद्यकाव्यांचा संग्रह छापला. स्तेल म्हणजे लेख कोरलेली उभी शिळा. आपल्या गावाबाहेरचे वीरगळ आठवा, म्हणजे चित्र थोडेफार डोळ्यांपुढे येईल. पुस्तकही त्यांनी शिळेच्याच घाटाचे केले. पाने उंच, घडीची. प्रत्येक कवितेभोवती काळी चौकट, माथ्यावर चिनी अक्षरे. खास कोरियन कागदावरच्या प्रती अवघ्या ८१, त्याही विक्रीसाठी नव्हेत! दक्षिणेकडे तोंड केलेल्या शिळा राजाज्ञेच्या, उत्तरेकडच्या मैत्रीच्या, पूर्वेच्या प्रेमाच्या, पश्चिमेच्या लढाईच्या. मजकूर मात्र बहुतांशी कवीच्या कल्पनेतला.

फ्रेंच मला येत नाही. इंग्रजी भाषांतरावरच माझी भिस्त. तरी सांगतो, यांतल्या काही कविता मला थंड वाटतात. सम्राटाचा झगा कवीने अंगावर घेतला आहे, आणि झगा इतका भारी की आतला माणूस हालतच नाही.

मग आले १९१४ साल. झिल्बेर द व्हॉझँ आणि झाँ लार्तीग या दोन मित्रांसह सेगालेन संशोधनाच्या मोहिमेवर निघाले. कुदळीपेक्षा मोजपट्टी, पेन्सिल आणि कॅमेरा यांचेच काम अधिक. शीआनजवळ चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याची टेकडी त्यांनी पाहिली, मोजली. तिथून जेमतेम दीड किलोमीटरवर मातीची अख्खी फौज पुरलेली होती. ती हाती लागली १९७४ साली, विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना. कवीला तिचा सुगावाही लागला नाही.

पण मार्चमध्ये हुओ छू-पिंग या सेनापतीच्या थडग्यापाशी त्यांना एक दगडी घोडा दिसला. हा सेनापती इ.स.पू. ११७ मध्ये ऐन विशीत वारलेला. घोड्याला ना खोगीर ना स्वार. पोटाखाली उताणा पडलेला, धनुष्य धरलेला शत्रू. या शोधाचा पुढे युरोपात बोलबाला झाला. शोध म्हणायचा तो युरोपापुरता, कारण घोडा उघड्यावरच उभा होता आणि आसपासचे लोक त्याच्याजवळून रोज ये-जा करीत असणार! तरीही त्या घोड्याकडे शिल्प म्हणून बारकाईने पाहणे, त्याचे वय ओळखणे, हे काम साधे नव्हे.

ऑगस्टमध्ये युन्नानातल्या लीच्यांगला महायुद्धाची बातमी पोहोचली आणि मोहीम तिथेच संपली.

या प्रवासातून ‘एकिपे’ नावाचे गद्य पुस्तक निघाले. सेगालेन १९१९ साली वारले, पुस्तक १९२९ मध्ये आले. त्यात एकच प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो: कल्पनेने रंगवलेली वस्तू प्रत्यक्ष समोर आली की कल्पना खचते, की बळावते? मला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. एका कादंबरीत मी न पाहिलेला घाट तीन पाने वर्णिला होता. वाचकांनी वाखाणलाही. पुढे शाळेच्या सहलीबरोबर तो घाट चढलो, तेव्हा ध्यानात आले की माझ्या पात्रांना वर पोहोचेपर्यंत एकदाही तहान लागली नव्हती.

सेगालेन कल्पनेला मोडीत काढत नाहीत, आणि वास्तवापुढे लोटांगणही घालीत नाहीत. पाय दुखतात, चढ संपत नाही, नकाशावरची रेघ आणि पायाखालची वाट जुळत नाही. या न जुळण्यातच त्यांना गोडी वाटते. इथे झगा उतरलेला आहे. वाक्यांना धाप लागते, आणि म्हणूनच ती माझ्या मनात घर करतात.

‘एकिपे’ वाचून मी पुन्हा ‘स्तेल’कडे वळलो. राजाज्ञेच्या शिळा अजूनही मला दूरच्या वाटतात. पण त्या संग्रहात एक विभाग रस्त्याकडेच्या शिळांचा आहे, वाटसरूंशी बोलणारा. पहिल्या वाचनात मी तो भराभर उलटला होता. या खेपेला तिथे दोन रात्री रेंगाळलो.