एक स्वर उरल्यावर

गायक मरण पावल्यावर त्याच्या सहकाऱ्यांनी गात राहावे की थांबावे, हा प्रश्न वरकरणी संगीताचा वाटतो. मुळात मात्र तो निष्ठेचा आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या 'ॲलिस इन चेन्स' या रॉक बँडने २९ सप्टेंबर २००९ रोजी 'ब्लॅक गिव्ज वे टू ब्लू' हा अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या चाहत्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. या बँडचा आधीचा अल्बम नोव्हेंबर १९९५ मधला होता. मधल्या जवळजवळ चौदा वर्षांत मुख्य गायक लेन स्टेली याचा मृत्यू झाला होता आणि त्याच्या जागी दुसरा गायक उभा होता. काहींनी या अल्बमचे आनंदाने स्वागत केले, काहींनी तो ऐकण्यासही नकार दिला. ज्या संगीताला आपल्या घरांतून सहसा 'गोंगाट' म्हटले जाते, त्यातील एका वादाचा परामर्श आम्ही येथे घेत आहोत, तो या वादाच्या तळाशी असलेल्या शोकासाठी. शोक कोणत्याही घराला परका नसतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिअ‍ॅटलमध्ये जी रॉक संगीताची लाट उसळली, तिला पुढे 'ग्रंज' हे नाव मिळाले. निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन आणि ॲलिस इन चेन्स हे तिचे चार प्रमुख बँड. ॲलिस इन चेन्सची स्थापना १९८७ मध्ये झाली. स्टेली गायक, जेरी कॅन्ट्रेल गिटारवादक व गायक, शॉन किनी ड्रमवादक आणि माइक स्टार बेसवादक. स्टारच्या जागी १९९३ मध्ये माइक आयनेझ आला. १९९० चा 'फेसलिफ्ट' आणि १९९२ चा 'डर्ट' या अल्बमांनी त्यांचे नाव सर्वदूर झाले. जानेवारी १९९४ मध्ये आलेली 'जार ऑफ फ्लाइज' ही छोटी ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या स्थानावर दाखल झाली. अशा लहान ध्वनिमुद्रिकेला तो मान त्यापूर्वी कधीच मिळाला नव्हता.

या बँडचे वैशिष्ट्य एका आवाजात नव्हते, दोन आवाजांत होते. आपल्या शास्त्रीय गायनाची बैठक एकाच सुरावटीवर असते. पण चर्चच्या गायकवृंदात ज्यांनी सोप्रानो, आल्टो, टेनर अशा विभागांत उभे राहून गीते म्हटली आहेत, त्यांना दोन सुरावटी एकमेकींना कशा पेलतात हे सांगावयास नको. एक विभाग गप्प झाला तर दुसरा बेसूर होत नाही, तरी गीत उघडे पडते. स्टेली आणि कॅन्ट्रेल यांचे स्वर असेच एकमेकांलगत चालत. परंतु स्तोत्रगायनातील स्वरमेळ मनाला विसावा देतो, तर या दोघांचा मेळ मुद्दाम कडवट ठेवलेला असे. त्यात एक दुखरी कुरकुर होती आणि कोणता आवाज कोणाचा हे पुष्कळदा ओळखू येत नसे. म्हणून स्टेली गेला तेव्हा केवळ एक गायक गेला नाही. गाण्याच्या बांधणीचा अर्धा भाग गेला.

तो कसा गेला, हेही सांगणे प्राप्त आहे. स्टेलीला हेरॉइनचे व्यसन होते. 'डर्ट'मधील कित्येक गाणी त्या व्यसनाच्या यातनेतून उतरली आहेत. त्यांत मोहाचे वर्णन असले तरी गौरव नाही. तथापि सर्व चाहत्यांनी ती तशी ऐकली नाहीत. आपण नशेत आहोत असे काही चाहते आपल्याला अंगठा उंचावून अभिमानाने सांगतात आणि नेमके हेच आपल्याला नको होते, अशी खंत स्टेलीने १९९६ मध्ये 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाजवळ व्यक्त केली होती. त्याच वर्षी ३ जुलै रोजी कॅन्सस सिटी येथे तो बँडसह शेवटचा रंगमंचावर गायला. पुढे तो जगापासून दूर होत गेला. ५ एप्रिल २००२ या दिवशी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, अंमली पदार्थांच्या अतिसेवनाने त्याचा अंत झाला. त्याचा मृतदेह १९ एप्रिल रोजी, म्हणजे दोन आठवड्यांनी, त्याच्या राहत्या घरात सापडला. ज्याचा आवाज त्या दिवसांतही असंख्य घरांत घुमत होता, त्याच्या घराचे दार चौदा दिवस कोणी उघडले नाही.

मित्रांनी लगेच नवा गायक शोधला असे झाले नाही. कॅन्ट्रेलने जून २००२ मध्ये आलेला 'डिग्रेडेशन ट्रिप' हा आपला स्वतंत्र अल्बम स्टेलीच्या स्मृतीला अर्पण केला. बँड पुन्हा एकत्र आला तो आपल्याही परिचयाच्या एका दुःखाच्या निमित्ताने. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, हिंदी महासागरात त्सुनामी उसळली. वेलंकनीच्या किनाऱ्यावर माउलीच्या दर्शनाला गेलेले शेकडो यात्रेकरू त्या सकाळी दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्याच त्सुनामीतील पीडितांच्या मदतीसाठी फेब्रुवारी २००५ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये एक कार्यक्रम झाला. किनीच्या पुढाकाराने उरलेले तिघे त्यात पाहुण्या गायकांसह वाजवावयास उभे राहिले. २००६ पासून विल्यम ड्युव्हॉल हा गायक-गिटारवादक त्यांच्याबरोबर कार्यक्रम करू लागला. अल्बमचे ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा त्यांच्या पाठीशी एकही कंपनी नव्हती. खर्च त्यांनी पदरचा केला. केवळ पैशासाठी त्यांनी जुने नाव वापरले, हा आक्षेप घेताना एवढी गोष्ट तरी ध्यानात घ्यावयास हवी.

आता चाहत्यांच्या प्रतिक्रियांकडे वळू. पहिल्या गटाचे म्हणणे असे की, स्टेलीवाचून ॲलिस इन चेन्स असूच शकत नाही. गावयाचे तर खुशाल गावे, पण दुसऱ्या नावाने. या म्हणण्याला आधार आहे. ड्रमवादक जॉन बोनम १९८० मध्ये वारला, तेव्हा लेड झेपेलिनने त्याच वर्षी बँडचा शेवट केला. १९९४ मध्ये कर्ट कोबेनच्या मृत्यूबरोबर निर्वाणा संपला आणि त्याचा ड्रमवादक डेव्ह ग्रोल याने नव्या नावाने नवा संसार मांडला. दुसरा गट एसी/डीसीचे उदाहरण देतो. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नव्या गायकासह 'बॅक इन ब्लॅक' हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला अल्बम आला. शिवाय ॲलिस इन चेन्सची पुष्कळ गाणी मुळात कॅन्ट्रेलनेच रचलेली. मग नावावर त्याचा हक्क नाही तर कोणाचा? तिसरा गट या दोहोंमध्ये घुटमळत राहिला. त्याला अल्बम आवडला आणि आवडला म्हणून अपराधी वाटले.

आमच्या मते पहिले दोन्ही गट एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडत राहिले. ड्युव्हॉल स्टेलीच्या तोडीचा आहे काय, हा तो प्रश्न. त्यामागे एक गोष्ट झाकली गेली. चाहत्याचे नुकसान आणि मित्राचे नुकसान सारखे नसते. चाहत्याजवळ स्टेलीचा आवाज होता तसाच आहे. तबकडी फिरली की तो आजही तितक्याच तरुण आवाजात गातो. त्याला वार्धक्य नाही, थकवा नाही, मरणही नाही. मित्रांची गोष्ट वेगळी. त्यांनी गमावलेला माणूस कोणत्याही तबकडीत सापडणार नव्हता. तालमीच्या खोलीत शेजारी उभा राहून दुसरा स्वर धरणारा कोणी उरला नव्हता. 'थांबा' असे सांगणे चाहत्याला सोपे होते, कारण थांबण्याने त्याचे काहीच जात नव्हते. मित्रांना मात्र थांबणे म्हणजे आपले उरलेले आयुष्यही त्या मृत्यूच्या स्वाधीन करणे होते. म्हणून या अल्बमला विचारावयाचा प्रश्न एवढाच, की झालेल्या हानीविषयी तो खरे बोलतो काय?

आमचे उत्तर असे की, आरंभी आणि अखेरीस तो खरे बोलतो. मध्ये काही ठिकाणी सवयीने बोलतो.

अकरा गाण्यांच्या या अल्बमचा आरंभ 'ऑल सीक्रेट्स नोन' या संथ, जड पावलांच्या गाण्याने होतो. मागे परतण्याची वाट बंद झाली आहे, हे त्यात कोणताही आडपडदा न ठेवता स्वीकारले आहे. विशेष हे की, येथे मुख्य स्वर ड्युव्हॉलचा नाही, कॅन्ट्रेलचा आहे. बहुतेक अल्बमभर हीच व्यवस्था राहते. पूर्वी ज्याने साथीचा स्वर धरला तो आता मुख्य सुरावट गातो आणि नवागत त्याला साथ देतो. मृताच्या खुर्चीवर कोणालाही बसविलेले नाही. उरलेल्यांनी आपल्या जागा बदलल्या आहेत. ड्युव्हॉलवर नक्कल केल्याचा आरोप ज्यांनी केला, त्यांनी ही मांडणी पुरेशा लक्षाने ऐकली नसावी असे आम्हांस वाटते. 'युअर डिसिजन' आणि 'व्हेन द सन रोझ अगेन' या दोन गाण्यांत विजेच्या गिटारीचा भार उतरवून साध्या गिटारीवर स्वर मोकळे सोडले आहेत. 'जार ऑफ फ्लाइज' ज्यांना प्रिय आहे, त्यांनी नव्या अल्बमशी ओळख येथून करून घ्यावी.

तथापि नाराज चाहत्यांचे सगळेच म्हणणे खोडून काढता येत नाही. 'अ लुकिंग इन व्ह्यू' हे गाणे सात मिनिटांहून अधिक लांबते. त्यातील गिटारीची जाड, घुमणारी चाल प्रभावी असली तरी पुनरुक्तीने तिची धार बोथट होते. उत्तरार्धातील एक-दोन गाणी जुन्या ॲलिस इन चेन्ससारखी ऐकू येण्याचीच चिंता अधिक वाहतात. तशी चिंता वाहणारे गाणे ऐकताना अनुपस्थित माणूस अधिकच आठवतो. ड्युव्हॉललाही स्वतंत्रपणे उभे राहण्यास फार थोडी जागा दिली आहे. 'लास्ट ऑफ माय काइंड'मध्ये तो पुढे येऊन गातो, तेव्हा त्याच्या आवाजातील खडबडीत जोम कळतो आणि ही संधी त्याला आणखी दोन-तीनदा का दिली नाही, असा प्रश्न पडतो. नव्या माणसाला घरात घ्यावयाचे, पण त्याने हळूच बोलावे अशी अपेक्षा ठेवावयाची, हा संकोच शोकग्रस्त घरांत आपण पाहतो. तो समजण्यासारखा आहे. कलाकृतीत मात्र तो उणीव ठरतो.

अखेरचे गाणे अल्बमच्या नावाचेच. केवळ तीन मिनिटांचे हे गाणे कॅन्ट्रेलने स्टेलीला दिलेला निरोप आहे. त्यात पियानो एल्टन जॉन यांनी वाजविला आहे. गाजलेल्या माणसाचे नाव जोडून खप वाढविण्याची ही युक्ती असावी, असा संशय काहींनी घेतला. वस्तुस्थिती अशी की, स्टेलीने आयुष्यात प्रथम पाहिलेला संगीताचा जाहीर कार्यक्रम एल्टन जॉन यांचा होता, असे कॅन्ट्रेलनेच सांगितले आहे. ज्याच्यामुळे एका मुलाच्या मनात संगीताची पहिली ठिणगी पडली असेल, त्यानेच त्या मुलाच्या निरोपाच्या गाण्याला साथ द्यावी, यात दिखाऊपणा नाही. पियानोही मागेच राहतो, स्वरांना रेटत नाही. काळ्याने निळ्याला वाट करून द्यावी, असे या गाण्याच्या नावातच आहे. निळा हा इंग्रजीत उदासीचाही रंग आहे. म्हणजे येथे दुःखाच्या जागी आनंद आलेला नाही. असह्य दुःखाच्या जागी सोसण्याजोगे दुःख आले आहे. एवढेच कबूल करून गाणे थांबते.

पुढील इतिहास वाचकांसमोर आहे. अल्बम बिलबोर्ड यादीत पाचव्या स्थानावर दाखल झाला आणि २०१० मध्ये त्याला अमेरिकेत पाच लाख प्रतींचे सुवर्ण मानांकन मिळाले. जुना बेसवादक माइक स्टार मार्च २०११ मध्ये वारला. नव्या संचाचे आणखी दोन अल्बम आले, २०१३ मध्ये एक आणि २०१८ मध्ये 'रेनिअर फॉग'. खपाच्या आकड्यांनी हा वाद मिटला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. स्टेलीवाचून हा बँड ऐकणार नाही असे म्हणणारे आजही आहेत, आणि त्यांच्या निष्ठेला हसण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या तरुणपणीच्या एकाकी रात्री त्या आवाजाच्या सोबतीने काढल्या आहेत.

त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, मृताचे स्मरण एकाच रीतीने होत नसते. कोणी त्याची वस्तू जशीच्या तशी जपून ठेवतो, कोणी त्याचे अपुरे काम हाती घेतो. पहिल्याची निष्ठा खरी मानून दुसऱ्याला विश्वासघातकी ठरविणे न्यायाचे नाही. आणि ज्या पालकांच्या घरी बंद दाराआडून ही काळोखी गाणी ऐकू येतात, त्यांना विनंती आहे की, आवाज कमी करावयास सांगण्यापूर्वी दार वाजवावे, आत जावे आणि मुलासोबत एक गाणे अखेरपर्यंत ऐकावे. ते काय ऐकत आहे आणि का, हे त्याने सांगितले तर ऐकून घ्यावे. स्टेलीच्या गाण्यांना दाद देणारे हजारो होते; त्याच्या दारावर थाप मारणारे कोणी तरी त्या एप्रिलमध्ये हवे होते.