एका इलेक्ट्रॉनाच्या हिशेबाची मर्यादा

तीव्र लेसरच्या क्षेत्रात सापडलेला अणू मूळ प्रकाशाच्या विषम पटींच्या कंप्रता, म्हणजे हार्मोनिक, बाहेर टाकतो. फ्रान्समधील साक्ले येथे ॲन लुइलिए आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनमधून ३३ वा हार्मोनिक मिळवल्याचे १९८८ साली जाहीर केले, आणि याच वाटेने पुढे ॲटोसेकंदाच्या प्रकाशस्पंदांपर्यंत पोचलेल्या कामाला २०२३ चे नोबेल मिळाले. पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये या घटनेचे तीन टप्प्यांचे चित्र मांडले: क्षेत्र इलेक्ट्रॉनाला अणूतून ओढून काढते, वेग देते, दिशा पालटली की परत आणते, परतलेला इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा फोटॉनच्या रूपात सोडतो. आयनीभवन ऊर्जेत इलेक्ट्रॉनाच्या सरासरी आंदोलन ऊर्जेची ३.१७ पट मिळवली की वर्णपटाची वरची सीमा हाती येते. चित्र देखणे आहे आणि बहुतांशी खरेही. पण त्यात इलेक्ट्रॉन एकच आहे. बाकीचे गोठवल्याने उत्तर किती बदलते, हे तपासण्याचे काम या यशामुळेच मागे पडत गेले, असे माझे मत आहे.

गोठवण्यामागे आळस नव्हता, नाइलाज होता. प्रत्येक मितीत १०० बिंदू घेतले, तर एका इलेक्ट्रॉनाच्या तरंगफलनासाठी दहा लाख संख्या साठवाव्या लागतात. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांसाठी त्या १०^१२ होतात, म्हणजे सुमारे १६ टेराबाइट. आर्गॉनचे अठराही इलेक्ट्रॉन असेच मांडायचे म्हटले, तर १०^१०८ संख्या लागतील. दृश्य विश्वातले सगळे अणू मोजले तरी ते एवढे भरणार नाहीत. म्हणून केनेथ कुलँडर, केनेथ शेफर प्रभृतींनी बाकीच्या इलेक्ट्रॉनांच्या जागी एक सरासरी विभव ठेवून एकाच इलेक्ट्रॉनाचे श्रोडिंगर समीकरण सोडवले. आर्गॉनच्या वर्णपटात ५० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दिसणारी खोलगट जागाही विभव नीट निवडला तर या हिशेबात उतरते.

झेनॉनने मात्र हा हिशेब मोडला. ओटावा येथील शायनर आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील प्रयोगात १०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास हार्मोनिक अचानक बळावलेले दिसले. परतणारा इलेक्ट्रॉन आतल्या ४डी कवचातल्या इलेक्ट्रॉनाला ऊर्जा देतो, तो वर चढून बाहेरच्या कवचातली रिकामी जागा भरतो, आणि आलेला इलेक्ट्रॉन आतल्या नव्या पोकळीत उतरतो. दोन इलेक्ट्रॉनांमधली ही देवाणघेवाण सरासरी विभवात मावत नाही. यावर आक्षेप येऊ शकतो: प्रयोगात असंख्य अणूंचा प्रकाश एकत्र येतो, तेव्हा हा उंचवटा त्यांच्या कला जुळण्यामुळे आला नसेल कशावरून? पण साध्या क्ष-किरण व जंबुपार प्रकाशाने झेनॉनचे आयनीभवन करतानाही याच ऊर्जेला मोठा अनुनाद दिसतो, आणि तिथे हार्मोनिकच्या कला जुळण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा मूळ कारण अणूतच शोधावे लागते.

पुढे निघालेल्या पद्धतींपैकी प्रत्येकीने काहीतरी सोडले आहे. हॅम्बुर्गच्या पाब्स्ट आणि सांत्रा यांनी २०१३ मध्ये एकावेळी एकच इलेक्ट्रॉन, पण कोणत्याही कवचातून, उत्तेजित होऊ दिला आणि झेनॉनचा उंचवटा मिळवला. दोन इलेक्ट्रॉन एकदम उत्तेजित होण्याची शक्यता वगळली. बेलफास्टची आर-मॅट्रिक्स पद्धत अणूच्या जवळ अनेक इलेक्ट्रॉनांचे परस्परसंबंध सांभाळते आणि दूर गेलेला इलेक्ट्रॉन एकटा मानते. कालाश्रित घनता-फलन सिद्धान्त सगळे इलेक्ट्रॉन स्वस्तात घेतो, पण त्याच्या नेहमीच्या रूपाला आधीच्या क्षणांची आठवण नसते. मोठा संगणक आला की हे प्रश्न सुटतील, हा युक्तिवाद वरच्या आकड्यांपुढे टिकत नाही. संगणक हजारपट वेगवान झाला तरी अशा बिंदूंच्या जाळ्यावर तिसऱ्या इलेक्ट्रॉनाचीसुद्धा सोय होत नाही, कारण तो एकटाच दहा लाखपट मागणी घेऊन येतो. म्हणून निवड अटळ आहे, आणि समीक्षा त्या निवडीचीच व्हायला हवी.

महाराष्ट्रात या कामाची साधने आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तीव्र लेसरचे प्रयोग होतात, पवईच्या आयआयटीत गोपाल दीक्षित यांचा गट हार्मोनिकचा सिद्धान्त मांडतो, पुण्यात सी-डॅकचे परम संगणक आहेत. अलीकडचा ओढा मात्र ग्राफीनसारख्या घन पदार्थांकडे आहे. अणूचा प्रश्न जुना झाला, असे त्यावर कोणी म्हणेल. पण घन पदार्थातही इलेक्ट्रॉनांचे परस्परसंबंध सुटलेले नाहीत, आणि ते स्वच्छपणे तपासायला अणूइतकी सोपी जागा दुसरी नाही. नाशिकच्या एखाद्या पदव्युत्तर विभागालाही इथे खरे काम आहे. आर्गॉनचा एक-इलेक्ट्रॉन हिशेब साध्या संगणकावर चालतो, ऑक्टोपससारखी घनता-फलनाची आज्ञावली मुक्त उपलब्ध आहे. तोच अणू, तोच लेसर घेऊन दोन्हींची उत्तरे शेजारी ठेवता येतात. अशा तुलनेत नवा शोध नसतो, ही तक्रार रास्त आहे. पण एक कवच मोकळे केल्यावर वर्णपट कुठे हलला आणि कुठे जागचा ढळला नाही, हे दाखवल्याशिवाय कोणत्याही प्रतिमानाचा प्रयोगाशी जुळलेला आलेख पुरावा ठरत नाही.