'दुर्मिळ' कुणी ठरवलं? म्युरिन टायफसबद्दल एक तक्रार

पिसवांमुळे होणाऱ्या तापांवरचे पेपर वाचताना एक शब्द सारखा भेटतो: 'दुर्मिळ'. आज मला त्या शब्दाशी भांडायचंय.

पिसू म्हटलं की आपल्याला १८९६ चा मुंबईचा प्लेग आठवतो. त्यात माणसांच्या आधी उंदीर मरून पडायचे, म्हणजे निदान सूचना तरी मिळायची. म्युरिन टायफसमध्ये तीही सोय नाही. त्याचा जिवाणू, रिकेट्सिया टायफी, उंदरावरच्या त्याच पिसवांमधून येतो. पण यात ना उंदीर मरतो, ना पिसू. पिसू चावते, तिथेच विष्ठा टाकते, आपण खाजवतो आणि जिवाणू आत शिरतो. ठाण्यात किंवा कल्याणला धान्याच्या गोदामाशेजारी राहणाऱ्याला कळणार तरी कसं?

मग ताप येतो, डोकं ठणकतं. पुरळ प्रत्येकाला येत नाही, आणि सावळ्या त्वचेवर आलं तरी पटकन दिसत नाही. पावसाळ्यात डोंबिवलीत कशाकशाचे रिपोर्ट काढतात ते तुम्हाला पाठ असेल: मलेरिया, डेंगी, विडाल, लेप्टो. कुणाला टायफसची शंका आलीच, तर बऱ्याचदा हाताशी असते ती वाइल-फेलिक्स चाचणी, १९१६ च्या सुमाराची! ती रिकेट्सियाकडे बघतच नाही. रुग्णाच्या सीरममुळे प्रोटियस या भलत्याच जिवाणूच्या गुठळ्या होतात का, एवढंच बघते. त्यामुळे खरे रुग्ण निसटतात आणि नको ते सापडतात. स्क्रब टायफसची एलायझा चांगली आहे, पण ती दुसऱ्याच जिवाणूसाठी. खात्री हवी तर काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन अँटिबॉडी चौपट वाढल्या का ते पाहावं लागतं. बरा झालेला माणूस पुन्हा सुई टोचून घ्यायला येईल, की ८:१२ ची लोकल पकडेल?

माझा खरा आक्षेप पुढे आहे. लेप्टोच्या संशयावरून डॉक्सिसायक्लिन दिलं की हा तापही उतरतो, आणि नोंद होते 'संशयित लेप्टो'. उलट टायफॉइड समजून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलं, तर रिकेट्सियावर त्याचा उपयोग नाही. ताप रेंगाळतो, क्वचित फुप्फुसं-मूत्रपिंडांपर्यंत प्रकरण जातं. हे दोघेही आकड्याबाहेर. त्या आकड्यावर 'दुर्मिळ' लिहायचं, आणि दुर्मिळ म्हणून चाचणी ठेवायची नाही!

असा पेपर हाती आला तर निष्कर्ष नंतर वाचा, आधी चाचणी कोणती वापरली ते शोधा. नुसतीच वाइल-फेलिक्स असेल, तर त्या टक्केवारीपुढे मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवते.