दहाच्या आत वसंत

वसंतपंचमीपासून १४ एप्रिलपर्यंत मुंबईत जेवढं गाणंबजावणं मंचावरून होतं, तेवढं गणपतीचे दिवस सोडले तर वर्षात एरवी कधी होत नसेल. सायनच्या षण्मुखानंद सभागृहात ३ फेब्रुवारीला उस्ताद अल्लारखाँची बरसी. नरिमन पॉइंटला एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा वसंतातला हंगाम. काळा घोडा महोत्सव, तोही तिकिटाविना. वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत ब्लूज. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कधी जानेवारीत, तर २०२५ सालासारखा मार्चमध्ये, लोलापलूझा. चेंबूरला अल्लादिया खाँसाहेबांच्या स्मृतीचा समारोह. पाडव्याच्या पहाटेचे कार्यक्रम तर गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत इतके, की चांगल्या तबलजीला एका सकाळी दोन-दोन सुपाऱ्या असतात. आणि शेवटी भीमजयंती.

ही यादी बघून शहराचं गाणं जोरात आहे असं कुणीही म्हणेल. आहेच. पण याच यादीच्या शेजारी कार्यक्रमांच्या वेळा लिहून काढल्या, तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. जवळजवळ सगळं काही रात्री दहाच्या आत आटपतं, नाहीतर सकाळी सहानंतर सुरू होतं. मधले आठ तास मुंबईच्या संगीतातून वजा झाले आहेत. या वजाबाकीने काय काय गेलं, याचा हिशेब समीक्षक मंडळी शास्त्रीय संगीतापुरता मांडतात आणि थांबतात. तो तेवढ्यावर थांबत नाही.

दहाची रेघ आली २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतून. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियम वाईट नाही. ज्याच्या खिडकीखाली रात्री एकला डीजे वाजला आहे, त्याला हे पटवून द्यावं लागत नाही. शिवाय बंदिस्त सभागृहाला या नियमातून मोकळीक आहे, हे आयोजकांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. तरी सभागृहं दहाच्या ठोक्याला दिवे घालवतात, कारण हॉलची पाळी संपते, वॉचमनला घरी जायचं असतं आणि श्रोत्याला कल्याण फास्ट पकडायची असते. कायद्याने मैदान बंद केलं. हॉल आपण आपल्या सोयीने बंद केला.

रागसंगीताचं यात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी वसंताच्या निमित्ताने पुन्हा बघण्यासारखं आहे. साडेसहा ते साडेनऊ या वेळेत मारवा, पूरिया, श्री, यमन आणि फार तर बिहाग बसतो. मालकंस आणि दरबारी ज्या प्रहराचे, त्या प्रहरात श्रोता घरी झोपलेला असतो. मग ते साडेआठला गायले जातात आणि कुणालाच वावगं वाटत नाही. वसंत मात्र या बाबतीत भाग्यवान ऋतू आहे. बसंत रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा, बहार मध्यरात्रीचा, पण वसंत ऋतूत हे दोन्ही केव्हाही गावेत अशी सूट परंपरेनेच दिलेली आहे. म्हणजे घड्याळाने बांधलेल्या शहराला वर्षातला हा एकच काळ असा मिळतो, की संध्याकाळी सातलाही बसंत विनातक्रार मांडता यावा.

मांडतं कोण? गेल्या काही वर्षांचा अनुभव सांगतो, की फेब्रुवारी-मार्चच्या मैफलीत मुख्य राग यमन किंवा पूरिया धनाश्री असतो आणि बसंत येतो तो शेवटी, दहा मिनिटांच्या द्रुत बंदिशीपुरता, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा. बसंत हा उत्तरांगप्रधान राग. तार षड्जाभोवती फिरायचं आणि तिथून खाली उतरायचं, तर आवाज आधी तापलेला हवा, आणि विलंबितात ती उतरण पुन्हा पुन्हा वेगळ्या वाटेने करायची तर बुद्धीही तापलेली हवी. द्रुतात त्याची फक्त ओळख पटते. जयपूर घराण्याकडे बसंती केदारसारखे जोडराग आहेत, ते मुंबईतच वाढले. अल्लादिया खाँ १६ मार्च १९४६ रोजी याच शहरात वारले आणि केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई या दोन गोमंतकीय शिष्यांनी ती विद्या इथेच उभी केली. चेंबूरच्या समारोहात त्या घराण्याचा माणूस बसला, की हे राग अजून विस्ताराने कानी पडण्याची शक्यता असते. बाकी ठिकाणी फर्माईश करावी लागते, आणि फर्माईश करणारा श्रोताही आता फारसा उरलेला नाही.

कुमार गंधर्वांनी ‘गीतवसंत’ बांधला तेव्हा अख्खा कार्यक्रम ऋतूवर होता. राग, लोकधून, होरी, सगळं एका सूत्रात. आज ‘वसंत’ हा शब्द कार्यक्रमपत्रिकेच्या मुखपृष्ठावर असतो आणि आत नेहमीचंच गाणं. इतक्या कार्यक्रमांमागे ऋतूचा विचार करणारा संयोजक एखादाच. कुमारांची जन्मशताब्दी २०२३-२४ मध्ये साजरी झाली, भाषणंही भरपूर झाली. त्या वर्षात त्यांच्या या एका कल्पनेचं अनुकरण जास्त झालं असतं तर बरं झालं असतं.

वेळ कमी म्हणून गाणं आखूड होतं, हे कारणही अर्धंच खरं. अडीच तासांच्या सभेतून दीपप्रज्वलन, प्रायोजकांची चित्रफीत, शाल-श्रीफळ, सत्कारमूर्तींचं मनोगत आणि आभार वजा केले, की दोन कलाकारांना मिळून दीड तास राहतो. त्यातही तबल्याला आणि संवादिनीला टाळ्यांसाठी जागा द्यायची. ज्याच्या पुण्यतिथीनिमित्त सभा भरलेली असते, तो गवई दोन तास एक राग गात असे, असं सूत्रसंचालक याच सभेत गहिवरून सांगतो. अशा वेळी प्रेक्षागृहातून कुणी हसत का नाही, याचं मला कोडं आहे.

रात्र गेली तशी पहाट आली. हे मुंबईने स्वतः शोधलेलं उत्तर. चतुरंग प्रतिष्ठानने ऐंशीच्या दशकात दिवाळी पहाट रुजवली आणि तिचा साचा पुढे पाडव्याला, वर्धापनदिनाला, निवडणुकीच्या आधी नगरसेवकालाही लागू पडला. या प्रकारातला सर्वांत गंभीर कार्यक्रम अर्थातच ३ फेब्रुवारीचा. अल्लारखाँ २००० साली त्या दिवशी गेले, आणि तेव्हापासून झाकीर हुसेन यांनी ही बरसी सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुरू करून रात्रीपर्यंत नेली. अडीच हजारांहून जास्त खुर्च्यांचं षण्मुखानंद त्या अंधाऱ्या वेळी भरत असे आणि तोडी तोडीच्या वेळी ऐकायला मिळत असे. मृदंगम, पखवाज, ढोलकी आणि देशोदेशीचे तालवादक तिथे एका मंचावर येत. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीरभाई गेले. २०२५ची बरसी त्यांच्याविना झाली; फझल आणि तौफिक कुरेशी हे भाऊ ती पुढे नेत आहेत. येत्या वसंतात एकच ठिकाण निवडायचं असेल, तर मी तिथे जाईन. झाकीरभाईंच्या नावाने भरणारा हॉल अल्लारखाँच्या नावाने किती भरतो, हेही तिथेच कळेल.

पाडव्याच्या पहाटेबद्दल इतकं चांगलं बोलता येत नाही. बाबूजी, खळेकाका, पुलं, लता, आशा: गाणी उत्तमच, पण तीच वीस-पंचवीस. निवेदक प्रत्येक गाण्याआधी त्याच्या जन्माची कथा सांगतो, ती कथा प्रेक्षकांना पाठ असते आणि त्यांना ती पुन्हा ऐकायचीही असते. नवी साडी, नवा झब्बा, शोभायात्रा, मग मिसळ. सणाचा भाग म्हणून हे सगळं गोड आहे. संगीत म्हणून बघितलं तर यात नवीन चाल ऐकवण्याची हिंमत एकही आयोजक करत नाही, आणि रागदारी गाणाऱ्या तरुण गळ्यांना दरवर्षी त्याच अभंगांच्या कामाला जुंपलं जातं. पैसे तिथेच मिळतात, म्हणून तेही नाही म्हणत नाहीत.

दहाच्या रेघेचा त्रास ज्यांना होत नाही त्यांच्याबद्दल थोडक्यात. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली स्थापन झाला आणि देशातला अशा प्रकारचा एकमेव व्यावसायिक वाद्यवृंद आहे. बीथोव्हेनची नववी सिम्फनी सत्तर मिनिटांच्या आसपास संपणार, हे पहिला सूर वाजायच्या आधी ठरलेलं असतं. शहराच्या घड्याळाशी तिचं भांडण नाही. या वाद्यवृंदातले बरेच वादक बाहेरदेशांतून येतात, त्यामुळे त्यांच्या शाळेतून शिकणारी इथली मुलं केव्हा त्या खुर्च्यांवर बसतात, हाच त्याच्या यशाचा खरा मापदंड. रेसकोर्सवरचे महोत्सवही भर दुपारी सुरू होतात आणि दहाला संपतात. मार्च २०२४ मध्ये एड शीरननं तिथे दिलजीत दोसांझबरोबर पंजाबीत गायलं, आणि पुढचा आठवडाभर शहरात फक्त तेच चाललं होतं. आवाज, पडदे, शिस्त सगळं जागतिक दर्जाचं. फक्त दोन दिवसांपुरतं.

याच शहरात वसंतातला जागतिक दर्जाचा महोत्सव पूर्वीही होता, हे विसरून कसं चालेल? धोबीतलावच्या रंगभवनात फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिली जॅझ यात्रा झाली. निरंजन झवेरींनी ती उभी केली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक त्या उघड्या मंचावर वाजवून गेला. पुढे तिथेच इंडिपेंडन्स रॉकमध्ये कॉलेजच्या पोरांनी गळे फाडले. मग रुग्णालय, कॉलेज आणि कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरच्या आतली जागा शांतता क्षेत्र ठरली, आणि रंगभवनाच्या आसपास ही तिन्ही आहेत. मंच मुका झाला. त्या तोडीचं, शहराच्या मध्यावरचं आणि स्वस्त दुसरं खुलं नाट्यगृह मुंबईने नंतर बांधलेलं नाही. ब्लूज ऐकायला आज आपण स्टुडिओत जातो, त्याचं मूळ इथे आहे.

आता ज्यांचा हिशेब कुणी मांडत नाही त्यांच्याकडे वळतो. परळचं दामोदर नाट्यगृह म्हणजे गिरणगावातल्या कोकणी माणसाचं षण्मुखानंद. नमन-खेळे, जाखडी, शक्ती-तुरा यांचे प्रयोग तिथे हाउसफुल्ल होत. शक्ती-तुऱ्यात दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. एक प्रकृतीची बाजू घेतो, दुसरा पुरुषाची. एकाने पदातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने पुराणातला आधार देऊन पदातूनच उत्तर द्यायचं. गावी हा सामना उजाडेपर्यंत चालतो, कारण उत्तर सापडेपर्यंत तो संपूच शकत नाही. मुंबईत हॉलच्या पाळीत तो बसवला, की सवाल-जवाबांची संख्या आधीच ठरवावी लागते. हरणार कोण हेही मग जवळपास ठरलेलंच. ख्यालगायकाचं विलंबित जसं आखडलं, तसाच शाहिराचा सामना आखडला. दोघांचीही रात्र गेली आहे, फक्त एकाच्या रात्रीवर चर्चासत्रं होतात. २०२३ साली दामोदर पुनर्बांधणीसाठी बंद झालं, रंगकर्मींनी विरोध केला, आणि नमनमंडळांना हॉल शोधत हिंडावं लागलं.

एप्रिलमधल्या भीमगीतांचं चित्र जरा वेगळं आहे. १४ एप्रिलच्या आगेमागे चेंबूर, घाटकोपर, वरळी, कल्याण, उल्हासनगर इथल्या वस्त्यांमध्ये जेवढे मंच उभे राहतात, तेवढे मुंबईतल्या सगळ्या संगीत मंडळांचे मिळून होणार नाहीत. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीतं लिहिली आणि गावोगाव गायली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या गळ्यांनी ती परंपरा कव्वालीच्या अंगाने वाढवली. इथे श्रोता शब्दाला दाद देतो, चुकलेला संदर्भ मंचावर ओरडून दुरुस्त करतो. इतका जाणता श्रोता मला अलीकडे एनसीपीएतही क्वचित भेटतो. जयंतीला मध्यरात्रीपर्यंतची सूट बहुतेक वर्षी मिळते, म्हणून रात्रीचं गाणं या शहरात कुठे टिकलं असेल तर ते इथे. पण तिथेही डीजेच्या भिंती मंचाला लागल्या आहेत. एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरातांना लोक मोबाइलवर लाखोंनी ऐकतात, आणि त्याच लोकांच्या वस्तीत रात्री अकराला रिमिक्सचा दणका सुरू असतो. या कार्यक्रमांचं एकही परीक्षण मराठी वर्तमानपत्रांच्या कलापानांवर येत नाही. परीक्षण आलं असतं तर डीजेवर टीकाही झाली असती, आणि ती आतल्या माणसांनी केली असती.

हे बदलायला कायदा बदलावा लागत नाही. बंदिस्त हॉल घ्यायचा, शनिवारी रात्री दहाला तंबोरे जुळवायला घ्यायचे आणि चारनंतरच्या पहिल्या लोकलला सोडायचं. एका वसंतात एकच रात्र. पहिल्या भागात शक्ती-तुरा, सवाल संपेपर्यंत. मग एक गायक, एक राग, शेवटी पहाटेकडे झुकताना बसंत त्याच्या स्वतःच्या प्रहरात. सत्कार नाही, चित्रफीत नाही. हॉलवाले दीडपट भाडं घेऊन तयार होतील, अशी माझी अटकळ आहे, आणि दोन-तीनशे श्रोतेही जमतील. कोकणी शाहिरांना तर रात्रभर गाण्याची सवयच आहे. शंका आहे ती ख्यालाच्या बाजूने. चाळीस मिनिटांत राग आटपण्याची तालीम झालेल्या पिढीत रात्री एकला बसून दोन तास दरबारी गाईल असा तिशीतला गवई आधी शोधावा लागेल, हॉल नंतर.